तेलाची गाळणी आणि तिचा पाना

मृग नक्षत्र जवळ आलें कीं वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरीं दोन तयाऱ्या सुरू होतात. एक बियाण्याची व दुसरी ट्रॅक्टरची. अमरावतीहून मूर्तिजापुरावरून अकोल्यास जातांना त्या दिवसांत ठिकठिकाणीं ट्रॅक्टरांचें जुनें तेल उतरविण्याचें काम चाललेलें दिसतें. आमचे कित्येक विद्यार्थी या कामीं वडिलांस हातभार लावितात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तेल उतरविणें जितकें सोपें, तितकेंच तेलाची गाळणी, म्हणजे ऑइल फिल्टर, काढणें पुष्कळदां कठीण जातें. अशा वेळीं भलतेंच हत्यार हातीं घेतल्यास नुकसान होतें. म्हणून योग्य पाना कसा निवडावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम गाळणीचें स्वरूप पाहूं. इंजिनाचे भाग एकमेकांवर फिरत असतां त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर असतो, म्हणूनच ते टिकतात. त्या तेलांत काजळी, धूळ व धातूचे कण मिसळत जातात; ते अडविणें हें गाळणीचें काम. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं मोटारीसाठीं ‘प्युरोलेटर’ नांवाची गाळणी पुढें आणिली. हल्लीं पुष्कळ मोटारींस व ट्रॅक्टरांस असते ती गाळणी म्हणजे पत्र्याचा बंद डबा होय. आंत घड्या घातलेला कागद, तोंडाशीं मधोमध आंटे पाडलेलें भोंक व त्याभोंवतीं रबराची कडी, अशी त्याची रचना असते. डबा फिरवून बसवावयाचा, आणि मुदत संपली कीं उलट फिरवून टाकून द्यावयाचा.

मग तो अडकतो कां? इंजिन वारंवार तापतें व निवतें. त्यायोगें रबर बैठकीस चिकटून बसतें. त्यांतच मागील खेपेस कोणीं ‘गळूं नये’ म्हणून तो पान्यानें आवळला असल्यास हाताचा जोर पुरत नाहीं. येथें तरफेचा नियम उपयोगीं पडतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या डब्यावर हाताची पकड मध्यापासून अवघी ३७ मिलिमीटरांवर असते. मध्यापासून २०० मिलिमीटरांवर दांडा धरला, तर तितक्याच जोराचा परिणाम पांचपटींहून अधिक होतो.

हे पाने मुख्यतः चार प्रकारचे आहेत. पहिला पट्ट्याचा. तो लहानमोठ्या डब्यांस चालतो व पत्र्यास इजा करीत नाहीं. परंतु डबा तेलकट असल्यास घसरतो. म्हणून डबा आधीं फडक्यानें कोरडा करावा. दुसरा साखळीचा. जों जों ओढावें तों तों साखळी आवळत जाते, म्हणून ट्रॅक्टरच्या मोठ्या डब्यांस तो फार उपयोगी. मात्र दांडा फिरण्यास बाजूस मोकळी जागा हवी, आणि डबा चेपत असल्यामुळें नवी गाळणी बसवितांना तो कदापि वापरूं नये. तिसरा टोपीचा. तो वाटीप्रमाणें डब्याच्या बुडावर बसतो. मोटारीच्या अडचणीच्या जागीं यासारखा पाना नाहीं. परंतु माप व खांचांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. चौथा तीन पायांचा. तो फिरवूं लागलें कीं त्याचे पाय आपोआप डब्यास घट्ट धरितात व एकच पाना अनेक मापांस पुरतो.

यावरून निवडीचे प्रश्न तीनच उरतात. डब्याच्या बाजूस जागा आहे कीं केवळ बुडाशीं? डब्याचा व्यास किती? आणि घरीं एकच वाहन आहे कीं अनेक? बाजूस जागा असेल तर पट्टा किंवा साखळी. नसेल तर टोपी अथवा तीन पाय. घरीं एकच मोटार असेल तर तिच्या मापाची टोपी उत्तम. वाहनें अनेक असतील तर तीन पायांचा पाना सोयीचा. कांहीं मोटारींत डब्याऐवजीं प्लास्टिकच्या झांकणाखालीं नुसता कागदी भाग असतो. त्यास मापाची टोपीच हवी, साखळीनें झांकण तडकेल. पुष्कळ मोटारसायकलींस तर असला पाना लागतच नाहीं.

आतां हत्यार नसतां काय घडतें तें ऐका. एका पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या बंधूंच्या ट्रॅक्टरची गाळणी निघेना. प्रस्तुत लेखकानें डब्यांत पेचकस ठोकून आरपार घातला व जोर लाविला. डबा फिरला नाहीं. पत्रा मात्र फाटला आणि बुंध्याची चकती बैठकीवर तशीच राहिली. ती छिन्नीनें हलवितां हलवितां दिवस मावळला. शेतांत वापसा होता. रात्रीं पुन्हां पाऊस आला आणि पेरणी लांबली. एका पान्याची किंमत त्या दिवशीं कळली.

काढतांना इंजिन किंचित् कोमट असावें. तापलेल्या तेलानें हात भाजतो. पाना डब्याच्या इंजिनाकडील कडेजवळ लावावा, कारण तेथें पत्रा दुमडलेला व बळकट असतो. डब्याच्या बुडाकडून पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें तो फिरवावा. डबा निघाल्यावर जुनी रबरी कडी त्याच्याबरोबर आली कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. ती बैठकीस चिकटून राहिली व तिच्यावर दुसरी बसली, तर इंजिन चालूं होतांच तेल जोरानें बाहेर पडतें आणि तेलावांचून इंजिन थोड्याच वेळांत निकामी होतें. उतरलेलें तेल शेतांत वा नाल्यांत ओतूं नये. भांड्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें.

नवी गाळणी बसवितांना तिच्या कडीस बोटानें नवें तेल लावावें. कडी बैठकीस टेंकली म्हणजे पुढें बहुधा पाऊण फेरा पुरतो. नेमकें प्रमाण डब्यावर छापलेलें असतें. तो फेरा हातानेंच द्यावा.

विद्यार्थिमित्रहो, काढतांना जो त्रास होतो, तो पुष्कळदां बसवितांना केलेल्या अतिरेकाचें फळ असतो. पाना जरूर घ्या, मापानें निवडून घ्या. परंतु तो काढण्यापुरताच ठेवा. आज हातानें बेतानें बसविलेली गाळणी पुढील मृगाच्या तोंडावर तुमच्या वडिलांचा एक दिवस वांचवील.