लोखंडास लोखंड चिकटतें काय?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यांतील बागाईतदारास लोखंडाचा खरा शत्रू कोण, हें सांगावयास नको. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यानें पंपाचें कवच, नळांचे सांधे, फवारणीचीं यंत्रें व छपराचे पत्रे घाटावरच्यापेक्षां फार लवकर खराब होतात. पूर्वीं विहिरीवर लांकडी रहाट असे; तो मोडला तर गांवचा सुतार त्यास पुन्हां उभा करी. आतां रहाटाची जागा बिडाच्या पंपानें घेतली आहे, आणि बीड तडकलें तर त्याचा वैद्य गांवांत सहसा सांपडत नाहीं. अशा वेळीं दुकानांतून दोन नळ्या आणून तडा चिकटवून टाकावा, असें मनांत येतें. हा उपाय खोटा नाहीं. परंतु त्याची रीत न जाणतां केल्यास तो हमखास दगा देतो.

आम्हांस आलेला अनुभव

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें व कित्येक वाड्यांतील माड व पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर आमच्या वाडींत सुपारीचीं नवीं रोपें लाविलीं. सुपारी फळास येण्यास पांच-सात वर्षें लागतात, आणि तोंपर्यंत उन्हाळ्यांत पाण्याचा खंड पडला तर रोप तगत नाहीं. एका वैशाखांत ऐन वेळीं पंपाच्या कवचास वीतभर तडा गेला. प्रथम तो वेल्डिंग करून घेतला, तों दुसऱ्या दिवशीं सांध्याच्या बाजूसच नवा तडा दिसला. बिडांत कर्बाचा अंश पुष्कळ असल्यामुळें तें ठिसूळ असतें; एके ठिकाणीं एकदम तापवून निववलें कीं शेजारीं तडकतें. मग घाईघाईनें रात्रीं विजेरीच्या उजेडांत तड्यावर चिकटद्रव्य थापलें. तिसऱ्या सकाळीं पंप सुरू करतांच तें जखमेच्या खपलीसारखें निघून हातांत आलें. दुसरी सोय होईपर्यंत आठ दिवस गेले व रोपांची एक ओळ वाळली.

ती खपली उलटून पाहिली तेव्हां तिच्या आंतल्या बाजूस तांबड्या गंजाचा सबंध थर दिसला. चिकटद्रव्य आपलें काम चोख करून बसलें होतें. मात्र तें लोखंडास न चिकटतां गंजास चिकटलें होतें, आणि गंजानें लोखंड सोडलें होतें. या विषयांतील सारें मर्म एवढ्यांतच आहे.

बळ किती व भार किती

पंधरा मीटर उंच पाणी चढविणाऱ्या पंपाच्या कवचावर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें दीड किलोग्रॅम दाब येतो. उलट, स्वच्छ केलेल्या पोलादाच्या दोन पट्ट्या चांगल्या इपॉक्सी चिकटद्रव्यानें एकमेकींवर जोडल्या, तर त्या सरळ ओढून सोडविण्यास दर चौरस सेंटिमीटरास दीडशें किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक जोर लागतो. म्हणजे शक्तीची वाण नाहीं. सांधा सुटतो तो बहुधा आपल्या अस्वच्छतेमुळें.

धातु चिकटविण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. कोयत्याचें शेपूट मुठींत बसवितांना तापलेली लाख भरतात. लोखंडाचा कीस, नवसागर व गंधक यांच्या मिश्रणानें बिडाच्या सांध्यांच्या फटी भरण्याची जुनी रीत आहे, आणि नळाच्या आट्यांस सफेता व सूत लावणें तर सर्वश्रुतच आहे. मात्र हे सारे प्रकार मुख्यतः फट भरण्याचे. भार पेलणारा सांधा त्यांनीं होत नसे. तसा सांधा इंग्लंडांत डक्सफर्ड येथें नॉर्मन डी ब्रुइन यांनीं १९४१ सालीं ‘रेडक्स’ या चिकटद्रव्यानें साधला, व पुढें विमानांचे पत्रे त्यानें जोडले जाऊं लागले. परंतु त्यास उष्णता व दाब दोन्ही लागत. १९४६ सालीं स्वित्झर्लंडांतील सिबा कंपनीनें ‘अराल्डाइट’ हें इपॉक्सी चिकटद्रव्य पुढें आणलें. या वर्गांतील राळ व हार्डनर यांचीं मिश्रणें साध्या हवेंतही कठीण होतात. १९५३ सालीं अमेरिकेंत व्हर्नन क्रीबल यांनीं तिसरा प्रकार काढला. तो हवा असेपर्यंत पातळ राहतो व नट-बोल्टच्या आट्यांत हवा कोंडली कीं घट्ट होतो. हादऱ्यानें ढिले होणारे नट त्यानें जागीं राहतात व आट्यांत खारें पाणीही शिरत नाहीं.

खाऱ्या हवेचा धडा

विमानांतही हा सांधा फसला आहे. ता. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूस जाणाऱ्या अलोहा कंपनीच्या विमानाचें सुमारें अठरा फूट लांबीचें छप्पर आकाशांत उडून गेलें व एका परिचारिकेचा अंत झाला. त्या विमानाचे पत्रे चिकटद्रव्य व रिव्हेट या दोहोंनीं जोडलेले होते. समुद्रावरच्या दमट, खाऱ्या हवेंत चिकटद्रव्य सुटत गेलें, फटींत गंज चढला, सारा भार रिव्हेटांवर पडला व त्यांच्या भोंकांपासून तडे वाढत गेले. तपासणींत तें वेळेवर लक्षांत आलें नाहीं. आमची हवा तशीच खारी व दमट आहे. तेव्हां हा धडा आम्हीं विसरतां कामा नये.

सांधा करण्याची रीत

प्रथम तो भाग गोड्या पाण्यानें वारंवार धुवून मीठ काढावें. मग सोड्याच्या पाण्यानें तेल-ग्रीस काढावें. केवळ रॉकेलानें पुसूं नये, कारण त्याचा तवंग मागें राहतो. तडा पुढें वाढूं नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस ड्रिलनें बारीक भोंक पाडावें. मग कानशीनें तड्यावर उथळ खांच करावी व सभोंवार तीन-चार बोटें जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावी. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: पाणी सारखें पसरलें तर जागा स्वच्छ, मोत्यासारखें गोळा झालें तर तेल अजून आहे असें समजावें. बीड सच्छिद्र असल्यामुळें तें जरा ऊन करून मुरलेला ओलावा काढावा. शेवटीं ॲसिटोननें पुसून ताबडतोब काम करावें. आमच्या हवेंत घासलेल्या लोखंडावर तासाभरांतही तांबूस छटा येऊं लागते.

राळ व हार्डनर दुकानदाराच्या अंदाजानें न घेतां वेष्टनावर दिलेल्या प्रमाणांतच मिसळावे. हार्डनर जास्त घातल्यानें सांधा बळकट होत नाहीं, उलट कच्चा राहतो. खांच भरून वर पत्र्याची पट्टी बसवावी, तिचे कोपरे गोल करावे व ती कड्यानें किंवा बोल्टनें आवळावी. कारण हा सांधा सरळ ओढ सोसतो, परंतु सालीप्रमाणें एका टोकाकडून सोलला तर सहज सुटतो. चोवीस तास पंप चालवूं नये. नंतर सांध्याच्या कडांवर रंग द्यावा व दर पावसाळ्यानंतर त्या तपासाव्या. काम करतांना हातमोजे घालावे, कारण कच्च्या मिश्रणानें अंगास खाज व चट्टे येतात. स्वयंपाकाच्या भांड्यांत तर तें कधींही कालवूं नये.

कोठें वापरूं नये

साधीं इपॉक्सी द्रव्यें साठ-सत्तर अंश उष्णतेच्या सुमारास मऊ पडूं लागतात. म्हणून इंजिनाच्या डोक्यास किंवा धुराच्या नळीस तीं लावूं नयेत. हवेच्या दाबावर चालणारी औषध-फवारणीची टाकी, माडावर चढण्याची शिडी, वजन उचलण्याचा आंकडा व गाडीचा ब्रेक यांस चिकटद्रव्याचा भरंवसा देणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. तेथें नवा भागच बसवावा.

आमचा पंप पुढें याच रीतीनें निगुतीनें सांधला, व त्यानंतरचे दोन उन्हाळे त्यानें पाणी दिलें. द्रव्य तेंच होतें. पहिल्या वेळीं कामास अर्धा तास दिला होता, दुसऱ्या वेळीं सबंध दिवस. शेतकरी बंधूंनीं पंपाची तपासणी माघांतच करावी, म्हणजे हा एक दिवस सवडीनें देतां येईल. वैशाखांत तो मिळत नाहीं.