परदेशातील पदवी, मायदेशातील चाळणी

चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी हे नाव बहुतेकांना तेथील राष्ट्रीय उद्यानामुळे, जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे किंवा कत्तिपाराच्या उड्डाणपुलामुळे ठाऊक असते. वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीनेही या परिसराला महत्त्व आहे. तमिळनाडू डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय येथेच अण्णा सलई मार्गावर आहे. १९८७च्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कामकाज जुलै १९८८मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ त्यानंतर दहा वर्षांनी, १९९८मध्ये अस्तित्वात आले. तमिळनाडूतील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी गिंडीच्या या विद्यापीठाच्या परीक्षा देऊन डॉक्टर होतात.

त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच बाकावर बसलेला एखादा वर्गमित्र मात्र रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान, चीन किंवा फिलिपाइन्समध्ये शिकून परततो, तेव्हा या विद्यापीठाशी त्याचा परीक्षेपुरता काहीच संबंध उरत नाही. त्याला परदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा, म्हणजे एफएमजीई, द्यावी लागते. ती घेण्याचे काम दिल्लीतील राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे आहे. ती उत्तीर्ण होईपर्यंत तो शिकलेल्या देशात डॉक्टर, तर स्वतःच्या देशात केवळ पदवीधर असतो. या अवस्थेत रुग्ण तपासणे हा गुन्हा ठरतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चाळणी कशी आली

सोव्हिएत संघराज्याच्या विघटनानंतर तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या पदव्यांना मान्यता द्यावी की नाही, यावरून तत्कालीन भारतीय वैद्यक परिषद व परतलेले पदवीधर यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. २००१मध्ये कायद्यात दुरुस्ती करण्यात आली, फेब्रुवारी २००२मध्ये चाळणी परीक्षेचे नियम प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेला मान्यता दिली. पुढे सप्टेंबर २०२०मध्ये वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. परीक्षा मात्र तीच राहिली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर पदवी मिळवून तेथे व्यवसायाची नोंदणी झालेल्यांना तीतून सूट आहे.

परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत सुमारे ६१ हजार ७०० उमेदवार परीक्षेस बसले आणि त्यांपैकी सुमारे ८ हजार ७०० उत्तीर्ण झाले. हे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. अलीकडे त्यात चढउतार दिसतात. डिसेंबर २०२४च्या सत्रात ते २९ टक्क्यांच्या पुढे गेले, तर जून २०२५च्या सत्रात पुन्हा १९ टक्क्यांच्या खाली आले. म्हणजे चांगल्या सत्रातही दहांपैकी सात जण मागे राहतात.

या आकड्यांवरून परदेशी शिक्षणाचा दर्जाच सुमार आहे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. काही संस्थांबाबत तो खराही असेल. परंतु परीक्षेच्या रचनेकडे व आशयाकडे पाहिल्यास अपयशाचे आणखी एक कारण समोर येते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

तीनशे मिनिटे, तीनशे प्रश्न

प्रश्नपत्रिका एकाच दिवशी दोन भागांत होते. प्रत्येक भागात १५० प्रश्न व १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. उत्तीर्ण होण्यासाठी ३००पैकी १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नसतो. या परीक्षेत गुणानुक्रम नाही, स्पर्धा नाही. उमेदवाराला दुसऱ्या कोणाच्या पुढे जायचे नसते, केवळ अर्धी रेषा ओलांडायची असते.

ही रेषा कोठून ओलांडावी, हे गुणांच्या विभागणीवरून कळते. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि न्यायवैद्यक या पहिल्या टप्प्यातील सात विषयांना मिळून १०० गुण आहेत. उरलेले २०० गुण रुग्णोपचाराशी संबंधित विषयांचे. त्यात औषधवैद्यकाला ३३, शल्यचिकित्सेला ३२, तर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आणि सामुदायिक वैद्यक यांना प्रत्येकी ३० गुण. पहिल्या सात विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थीही तेवढ्यावर उत्तीर्ण होऊ शकत नाही. उलट या चार विषयांवर पकड असलेल्याच्या खात्यात १२५ गुणांचे क्षेत्र येते. तरीही पाठांतराला सोपे म्हणून पहिल्या सात विषयांतच महिनोन्‌महिने घालवणारे उमेदवार कमी नाहीत.

सामुदायिक वैद्यकाचे ३० गुण येथे विशेष महत्त्वाचे ठरतात. हा विषय म्हणजे भारताची आरोग्यव्यवस्था. बाळाला जन्मतः कोणत्या लसी द्यायच्या, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात कोणत्या, आशा कार्यकर्तीची जबाबदारी कोणती, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधे कशी दिली जातात, असे प्रश्न त्यात येतात. परदेशातील विद्यापीठ त्या त्या देशाचा आरोग्य कार्यक्रम शिकवते आणि ते योग्यच आहे. भारतीय विद्यार्थी मग वसतिगृहाच्या खोलीत जबलपूरहून प्रसिद्ध होणारे पार्क यांचे जाडजूड पुस्तक उघडून बसतो. दिवसा एका देशाचा अभ्यासक्रम आणि रात्री दुसऱ्या देशाचा, अशी ही दुहेरी तालीम शेवटची दोन वर्षे चालते.

गिंडीतील तीन कुंपणे

परदेशी पदवीधराच्या तयारीत नेमके काय कमी पडते, ते गिंडीच्याच परिसरात हिंडताना लक्षात येते. विद्यापीठाखेरीज येथे किंग प्रतिबंधक वैद्यक संस्था आहे. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डब्ल्यू. जी. किंग यांच्या नावाची ही संस्था १८९९मध्ये देवीची लस तयार करण्यासाठी स्थापन झाली. मुंबईत परळला हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली, तेही हेच वर्ष. गिंडीतच १९४८मध्ये बीसीजी लस प्रयोगशाळा उभी राहिली. भारतात जन्मलेल्या मुलाच्या दंडावर क्षयरोगाविरुद्धच्या ज्या लसीचा व्रण उमटतो, त्या लसीचा पुरवठा अनेक दशके येथून होत आला. जानेवारी २००८मध्ये उत्पादन-निकषांच्या कारणावरून तिचा परवाना निलंबित करण्यात आला व २०१०मध्ये निलंबन मागे घेण्यात आले, हा आरोग्यधोरणाच्या इतिहासातील एक वादग्रस्त प्रसंग. आणि राष्ट्रीय उद्यानाला लागून सर्पोद्यान आहे.

देवी, क्षय आणि सर्पदंश. पहिला रोग संपला. उरलेले दोन भारतीय डॉक्टरच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. त्यांवरील प्रश्न चाळणी परीक्षेत हमखास येतात.

सर्पदंशाचेच उदाहरण घेऊ. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे भारतातील चार प्रमुख विषारी साप. घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडते. ते ओळखण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायचे. रक्त पातळच राहिले असेल, तर प्रतिविष सुरू करायचे. कोकणातील किंवा तमिळनाडूतील प्राथमिक आरोग्य केंद्रात आंतरवासिता करणाऱ्याने हे पावसाळ्यात अनेकदा पाहिलेले असते. ज्याने सहा वर्षे बर्फाळ प्रदेशातील रुग्णालयात काढली, त्याच्यासाठी ती पुस्तकातील एक ओळ असते आणि अशा ओळी परीक्षेच्या एका मिनिटात आठवतीलच, याची खात्री नसते.

कीटकनाशकाच्या विषबाधेचेही तसेच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७मध्ये फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर चर्चिला गेला. अशा रुग्णाला ॲट्रोपिन किती द्यायचे आणि कोणती लक्षणे दिसल्यावर थांबायचे, हा चाळणी परीक्षेचा नेहमीचा प्रश्न आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध का देतात, हाही तसाच. त्या उपचारामागे रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे १९८०च्या दशकापासूनचे काम आहे. २०२२मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. एका मराठी डॉक्टरने कोकणातल्या खाटेशेजारी बसून मिळवलेले ज्ञान मराठी मुलाला परदेशात बसून घोकावे लागते, यात थोडा विरोधाभास आहेच.

म्हणून या परीक्षेच्या तयारीत प्रश्नसंच सोडवण्याइतकेच महत्त्व रुग्ण पाहण्याला आहे. सुट्टीत मायदेशी आल्यावर जिल्हा रुग्णालयात परवानगी घेऊन केवळ निरीक्षक म्हणून उभे राहिले, तरी छातीची क्ष-किरण चित्रे, हृदयालेख व त्वचेवरील चट्टे डोळ्यांत बसतात. अलीकडे चित्रांवर आधारित प्रश्नांची संख्या वाढल्याने त्याचा थेट उपयोग होतो. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत या गोष्टीला स्थान नसते.

उत्तीर्ण झाल्यानंतर

चाळणी ओलांडली की वाट मोकळी झाली, असा समज असतो. चेन्नईत सुरू झालेल्या एका प्रकरणाने तो दूर केला. चीनमध्ये शिकणारी एक विद्यार्थिनी २०२०च्या आरंभी करोनाच्या साथीमुळे परतली. उरलेले शिक्षण तिने संगणकाच्या पडद्यावर पूर्ण केले, विद्यापीठाने पदवी दिली आणि चाळणी परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. तरीही तमिळनाडू वैद्यक परिषदेने तात्पुरती नोंदणी नाकारली. मद्रास उच्च न्यायालयाने जादा प्रशिक्षणाच्या अटीवर तिला दिलासा दिला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २९ एप्रिल २०२२ रोजी निकाल लागला. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीच्या हाती रुग्ण सोपवता येणार नाहीत, परदेशी विद्यापीठाने पदवी दिली म्हणून भारतातील यंत्रणा बांधील होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. मात्र या विद्यार्थ्यांची वर्षे वाया जाऊ नयेत, यासाठी एकवेळची योजना दोन महिन्यांत आखावी, असेही न्यायालयाने आयोगाला सांगितले. जुलै २०२२मध्ये ती योजना आली: ३० जून २०२२पर्यंत पदवी मिळालेल्या अशा विद्यार्थ्यांना चाळणी परीक्षा देता येईल, पण त्यानंतर एक वर्षाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता करावी लागेल.

आंतरवासितेच्या जागा हाही स्वतंत्र प्रश्न आहे. मार्च २०२२च्या परिपत्रकानुसार परदेशी पदवीधरांसाठी महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच अतिरिक्त जागा ठेवता येतात. त्यांच्याकडून आंतरवासितेसाठी शुल्क घेऊ नये आणि त्यांना इतरांइतकेच विद्यावेतन द्यावे, असेही त्यात नमूद आहे. उत्तीर्णांची संख्या वाढली की जागांसाठीची प्रतीक्षा लांबते. त्यातच भाषेचा मुद्दा येतो. ताश्कंदमध्ये रशियन शिकून रुग्णाशी बोललेला मराठी विद्यार्थी चेन्नईच्या रुग्णालयात दाखल झाला, तर त्याला पोटात कळ कोठून निघते, हे आता तमिळमध्ये विचारावे लागते.

अशा अडथळ्यांपुढे काहींनी आडवाटही धरली. चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होता नोंदणी मिळवल्याच्या संशयावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ७३ परदेशी पदवीधर आणि १४ राज्य परिषदांसंबंधी तपास हाती घेऊन देशभर छापे घातले.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

१८ नोव्हेंबर २०२१नंतर परदेशात प्रवेश घेतलेल्यांना नवे नियम लागू आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता व नंतर भारतात आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता बंधनकारक आहे. प्रवेशापासून सारे काही दहा वर्षांत पूर्ण झाले पाहिजे. शिवाय पदवी अशी हवी की तिच्या आधारे त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच व्यवसायाचा परवाना मिळू शकेल. तमिळनाडूतून मोठ्या संख्येने विद्यार्थी जाणाऱ्या फिलिपाइन्सबाबत यावरूनच अडचणी उद्भवल्या; तेथील वैद्यकपूर्व पदवीचा काळ ५४ महिन्यांत धरला जात नाही. दलालाच्या माहितीपत्रकात 'सहा वर्षांचा अभ्यासक्रम' असे लिहिलेले असले, तरी त्यातील किती महिने प्रत्यक्ष वैद्यकीय शिक्षणाचे आहेत, हे विद्यापीठाकडून लेखी मागवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. नीट परीक्षेची पात्रता २०१८पासून परदेशी जाणाऱ्यांनाही आवश्यक आहे.

चाळणी परीक्षेच्या जागी भारतात शिकलेले व परदेशातून आलेले अशा सर्वांसाठी एकच राष्ट्रीय अंतिम परीक्षा, म्हणजे 'नेक्स्ट', घेण्याची तरतूद २०१९च्या कायद्यात आहे. ती लागू झाली, तर गिंडीच्या विद्यापीठाचा विद्यार्थी आणि परदेशातून परतलेला त्याचा वर्गमित्र एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसतील. २०२३मध्ये तिचा आरंभ पुढे ढकलण्यात आला. तोपर्यंत परतणाऱ्यांसाठी एफएमजीई कायम आहे.