मोडण्यासाठी जमवलेली पुंजी

आपल्याकडे सोने घेतले जाते ते मोडण्याच्या हेतूने नव्हे. पाटल्या आईकडून लेकीकडे जातात, सुनेच्या अंगावर सासूचे गोठ चढतात, आणि फारच मोठी अडचण आल्यावाचून सराफाच्या पेढीची पायरी कोणी मोडीसाठी चढत नाही. निवृत्त मनुष्याची पुंजी मात्र मुळातच हप्त्याहप्त्याने मोडून खाण्यासाठी जमवलेली असते, आणि या दोन संचयांतील भेद नजरेआड झाला म्हणजे एकाचा विश्वास दुसऱ्यास लावण्याची चूक सहज घडते.

1965 च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेले आपले अभियंते आणि डॉक्टर आज निवृत्तीचे दिवस कंठीत आहेत, आणि मुद्दलाचे रक्षण एवढ्याच उद्देशाने राखलेल्या निवृत्तिखात्यात सोने-चांदी घालावी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. 1974 च्या कायद्याने निर्माण झालेल्या या वैयक्तिक खात्यातून, ज्यास तेथे आयआरए म्हणतात, कोणी धातू घेतल्यास ती रक्कम खात्यातून काढून घेतली असे समजावे, असा दंडक 1981 मध्ये झाला. पुढे 1986 मध्ये सरकारी टांकसाळीच्या गरुडमुद्रांना आणि 1997 च्या कायद्याने ठरावीक शुद्धतेच्या सोने, चांदी, प्लॅटिनम व पॅलेडियम यांच्या लगडींना मुभा मिळाली. लगडी मात्र घरच्या तिजोरीत न राहता बँकेच्या अथवा मान्यताप्राप्त विश्वस्ताच्या ताब्यात असाव्या लागतात, आणि त्या राखणीचे शुल्क दरसाल भरावे लागते.

या धातूंचा स्वभाव किती चंचल असतो याची साक्ष इतिहास देतो. टेक्सासच्या हंट बंधूंनी साठा केलेली चांदी जानेवारी 1980 मध्ये औंसास सुमारे 50 डॉलरांपर्यंत चढली आणि 27 मार्चपर्यंत 11 डॉलरांच्या खाली आली. त्या उंचीच्या जवळ पोहोचण्यास पुढे 2011 साल उजाडावे लागले. पेट्रोल मोटारींचा धूर शुद्ध करणारे पॅलेडियम बव्हंशी रशिया व दक्षिण आफ्रिका या दोनच देशांतून येत असल्यामुळे मार्च 2022 मध्ये युद्धाच्या धास्तीने 3,000 डॉलरांवर गेले, आणि दोन वर्षांच्या आत त्याचा भाव जवळजवळ एक-तृतीयांशावर उतरला.

तरुणाला अशी मंदी सोसता येते, कारण त्याच्यापाशी काळ असतो. वृद्धाला मात्र मंदी सरेपर्यंत थांबण्याची सवलत कायदाच देत नाही. पारंपरिक खात्यातून वयाच्या 73 व्या वर्षापासून दरसाल किमान रक्कम काढणे सक्तीचे आहे, आणि त्या पहिल्या वर्षी शिलकेस 26.5 ने भागून ती ठरते, म्हणजे 5,00,000 डॉलरांच्या शिलकेवर सुमारे 18,870 डॉलर. धातूला व्याज नाही की लाभांश नाही. सारी पुंजी लगडींतच अडकली असेल, तर उतरलेल्या भावाने लगड मोडावी लागते अथवा ती तशीच ताब्यात घेऊन तिच्या किमतीवर कर भरावा लागतो, आणि जी लगड एकदा खात्याबाहेर गेली ती पुढच्या तेजीत त्या खात्याच्या उपयोगी पडत नाही.

म्हणून माझे निश्चित मत असे, की धातूचा वाटा भविष्याच्या भाकितावरून न ठरवता वार्षिक निर्वाहाच्या हिशेबावरून ठरवावा. येत्या चार-पाच वर्षांच्या उचलीची रक्कम सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत प्रथम वेगळी काढावी, आणि जो भाग मंदीत मोडण्याची पाळी येणार नाही तेवढाच धातूत घालावा. पुंजीचा दशांश चांदीत असून ती निम्म्यावर आली तर एकंदर तूट शेकडा पाच. तोच वाटा शेकडा चाळीस असेल तर तूट शेकडा वीस, आणि ती भरून निघण्यास उरलेल्या पुंजीला शेकडा पंचवीस वाढावे लागते. तेजीत वाटा ठरल्यापेक्षा फुगला की जास्तीचे विकून रोख्यांत भर घालावी. आजीने पाटल्या जपल्या, कारण रोजची चूल दुसऱ्या मिळकतीवर पेटत होती. निवृत्ताच्या खात्यातही चुलीची तजवीज आधी झाली, तरच त्या कोपऱ्यातली चांदी निर्धास्तपणे जपता येईल.