पावसाळ्यातही मुलांच्या डोळ्यांना उजेड हवा

जूनमध्ये शाळा भरतात आणि त्याच सुमारास कोल्हापुरावर ढग उतरतात. ग्राउंडवर चिखल, गल्लीत पाणी, दप्तर ओले. पुढचे तीन-साडेतीन महिने बहुतेक घरांतली मुले शाळा, शिकवणी आणि घर या तीन छपरांखाली असतात. संध्याकाळी पाऊस थांबला तरी ‘आता कुठे बाहेर, सर्दी होईल’ म्हणून दार लागते आणि मुलाच्या हातात मोबाइल येतो. सर्दी चार दिवसांत जाते. याच महिन्यांत डोळ्यांत होणारा बदल मात्र परत फिरत नाही.

हा बदल म्हणजे लांबचे अंधुक दिसणे, मायोपिया किंवा घरगुती भाषेत ‘मायनस नंबर’. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १६ ते १७ मिलिमीटर लांब असतो. मोठेपणी तो २३-२४ मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि तिथे थांबणे अपेक्षित असते. काही मुलांत ही वाढ थांबत नाही. डोळा गरजेपेक्षा एकच मिलिमीटर लांबला, तरी सुमारे अडीच ते तीन नंबर लागतो. प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि फळ्यावरची अक्षरे पुसट होतात. चष्म्याने ती स्पष्ट दिसतात, पण लांबलेला डोळा आखूड होत नाही. नंबर उणे सहाच्या पुढे गेला तर पुढील आयुष्यात पडदा सुटणे, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज यांचा धोका बराच वाढतो. म्हणून ‘चष्मा लागला, त्यात काय’ एवढ्यावर विषय संपत नाही.

आईवडिलांना नंबर असेल तर मुलांना लागण्याची शक्यता जास्त, हे खरे. पण एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलला तो दिवस घालवण्याचा प्रकार. याचा सर्वांत बोलका पुरावा २००८ साली पुढे आला. सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना करण्यात आली. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना मायोपिया होता, सिडनीत अवघ्या ३.३ टक्के मुलांना. दोन्हीकडच्या पालकांत मायोपियाचे प्रमाण जवळपास सारखे होते. गंमत म्हणजे सिडनीतली मुले आठवड्याला जास्त पुस्तके वाचत होती. ठळक फरक बाहेर घालवलेल्या वेळेत दिसला: सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापूरमध्ये तीन तासांच्या आसपास. ‘जास्त वाचून डोळे बिघडतात’ हे आजीचे म्हणणे त्यामुळे पूर्ण खोटे ठरत नाही, पण अर्धे नक्कीच पडते.

नुसती तुलना पुरेशी नसते म्हणून चीनमधील ग्वांगझू शहरात थेट प्रयोग झाला. बारा प्राथमिक शाळा निवडल्या गेल्या. त्यांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर देण्यात आला. तीन वर्षांनी या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला होता, तर उरलेल्या सहा शाळांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर असावे असा देशव्यापी कार्यक्रमच हाती घेतला आणि वर्षानुवर्षे चढत असलेला तिथला आलेख खाली वळला. भारतातली आकडेवारी पूर्व आशियाइतकी भयंकर नाही. दिल्लीतल्या सुमारे दहा हजार शाळकरी मुलांच्या तपासणीत १३.१ टक्के मुलांत मायोपिया आढळला होता. त्याच पाहणीत आठवड्याला १४ तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत त्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे सिडनी, तैवान आणि दिल्ली, तिन्हीकडचा हिशेब दिवसाला दोन तासांच्या आसपास येऊन थांबतो.

बाहेर नेमके काय मिळते? व्यायाम नव्हे, बंदिस्त जागेतल्या खेळांचा डोळ्यांना असा फायदा दिसलेला नाही. ड जीवनसत्त्वही नव्हे, असेच आतापर्यंतच्या अभ्यासांवरून दिसते. मिळतो तो उजेड. प्रखर प्रकाश डोळ्यात गेला की पडद्यातून डोपामीन हे रसायन अधिक स्रवते आणि ते डोळ्याची लांबी वाढण्याला लगाम घालते, असे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत तीव्र उजेडाने मायोपिया मंदावल्याचे दिसले आहे.

हा उजेड किती, हे मापात पाहिले की डोळे उघडतात. दिवा लावलेल्या वर्गात बाकावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. घरात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली त्याहूनही कमी. भर उन्हात तोच एक लाख लक्सपर्यंत जातो. आणि पावसाळी, ढगांनी भरलेल्या दिवशी? तरीही काही हजार लक्स. आपली नजर उजेडाशी इतकी पटकन जुळवून घेते की रंकाळ्यावरचे करडे आकाश आणि घरातला ट्यूबलाइट यांत दहापट-वीसपट अंतर आहे हे जाणवतच नाही. ‘आज ऊन कुठे आहे, बाहेर जाऊन काय उपयोग’ हा समज इथेच कोसळतो.

ऋतूंचा संबंधही तपासला गेला आहे. चीनमधील मुलांत उन्हाळ्यात नंबर वाढण्याचा वेग हिवाळ्यातल्या वेगाच्या सुमारे ६० टक्केच आढळला. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान, अभ्यासाचा जोर जास्त. कोल्हापुरात हिवाळा हा उलट बाहेर पडण्याचा सर्वांत सुखाचा काळ. इथे मुलांना कोंडतो तो पावसाळा. तेव्हा इथल्या पालकांनी कॅलेंडरवर खूण करायची ती जून ते सप्टेंबर या महिन्यांवर.

यावर कोल्हापूरकराचे ठरलेले उत्तर म्हणजे रविवारी गाडी काढून पन्हाळा. वीस किलोमीटरवर धुके, तीन दरवाजाजवळ गरम कणीस, पोरे खूश. हे छानच आहे, पण हिशेब करून पाहावा. सहा तासांच्या सहलीतला तास-दीड तास गाडीत काचेआड जातो, तासभर हॉटेलात. उघड्यावर उरतात साडेतीन-चार तास. आठवड्याचे १४ तास भरायचे तर बाकीच्या सहा दिवसांत दहा तास हवेत, म्हणजे रोज पावणेदोन तासांच्या आसपास. महिन्यातून एकदा गगनबावड्याला जाऊन आलो की झाले, असे हे काम नाही. घराजवळची रोजची जागा जास्त मोलाची.

अशा जागा या शहरात कमी नाहीत. रंकाळ्याला रमतगमत फेरी मारली तर तासभर सहज जातो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असतेच; त्यात मुले फारशी दिसत नाहीत, ती दिसायला हवीत. टाऊन हॉलची बाग आहे. पेठांतल्या पोरांना फुटबॉलचे वेड आहे, आणि चिखलात खेळलेला फुटबॉल डोळ्यांच्या दृष्टीने उन्हातल्या फुटबॉलइतका नसला तरी घरातल्या कॅरमपेक्षा कितीतरी चांगला. तालमीत जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. लाल मातीने अंग कमावले जाईल, पण आखाड्यातल्या मंद उजेडात घालवलेला वेळ या दोन तासांत धरता येणार नाही. आषाढात नदीला नवे पाणी आले की ते घेऊन वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाण्याची रीत इथे आहे. ऐन पावसाळ्यात सगळे कुटुंब दिवसाउजेडी टेकडीवर! ही रीत पाडणाऱ्यांच्या मनात मुलांचे डोळे नव्हते, पण डोळ्यांचे त्यात भलेच होते.

पावसाळ्यातल्या दोन सवयींना मात्र मुरड घालावी लागेल. पंचगंगेला पाणी चढले की पोराबाळांसह पूर बघायला जाणे हा इथला जुना छंद. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोक्याची पातळी, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पूर लांबून, उंचावरून बघायला हरकत नाही. पाण्यात पाय घालून उभे राहायला आहे. पुराच्या पाण्यात उंदीर आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायावरच्या लहानशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. अशा पाण्यात पाय पडलेच तर घरी येऊन साबणाने धुवावेत आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. दुसरी सवय धबधब्याखाली मुलांना उभे करण्याची. वर डोंगरात पाऊस वाढला की खालचा ओढा मिनिटांत फुगतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे दृश्य मुलांना दाखवावे असेच आहे, पण ते पोलिसांनी आखलेल्या रेषेच्या अलीकडून.

पाऊस ओसरला की काम सोपे होते. सप्टेंबरच्या आसपास मसाई पठारावर रानफुले येतात. ती पायाखाली न तुडवता बघायला मुलांना वाकावे लागते, मग उठून लांबवर पाहावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले जेवायलाही आत येत नाहीत, तेव्हा त्यांना ओरडू नये. तयार किल्ला विकत आणून दिवाणखान्यात ठेवला की हे सगळे तास बुडतात. त्यानंतर गुऱ्हाळे सुरू होतात. काहिलीतल्या उकळत्या रसापासून लहानांना लांब ठेवायला कुणीतरी मोठे माणूस मात्र सतत लागते.

मार्चपासून उन्हाचा विचार करावा लागतो. डोळ्यांच्या नावाखाली दुपारी बारा ते चार मुलांना रणरणत्या उन्हात ठेवण्याचे कारण नाही. सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी पाचनंतरचा उजेडही घरातल्यापेक्षा कैक पटींनी जास्त असतो. झाडाची सावली चालते, डोक्यावर टोपी चालते. उजेड मिळावा म्हणून सूर्याकडे बघणे मात्र कधीही नाही. त्याने पडद्याला कायमची इजा होते.

ज्यांना आधीच चष्मा आहे त्यांच्या पालकांनी या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. बाहेरचा उजेड मायोपिया लागू नये म्हणून चांगला उपयोगी पडतो. लागल्यावर वाढ रोखण्यात त्याचा परिणाम तितका ठळक दिसलेला नाही. त्यासाठी कमी मात्रेतले ॲट्रोपिन थेंब, खास बनावटीची भिंगे असे पर्याय आज आहेत, पण ते नेत्रतज्ज्ञांनी तपासून ठरवायचे. नंबर कमी करून घेतला किंवा चष्मा कपाटात ठेवला तर नंबर वाढायचा थांबतो, या समजाला आधार नाही. गाजराचेही तेच. गाजर हलव्यासाठी खावे.

डोळे मिचकावून पाहणारा, टीव्हीच्या जवळ सरकणारा, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा मुलगा आळशी नसतो. त्याला फळा दिसत नसतो. लहान मूल तसे सांगतही नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, वह्या-पुस्तकांच्या खरेदीबरोबर, डोळ्यांची एक तपासणी उरकून घ्यावी. मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून केलेली तपासणी अधिक खात्रीची. थेंबांमुळे त्या दिवशी, क्वचित दुसऱ्या दिवशीही, जवळचे वाचता येत नाही, त्यामुळे शाळा सुरू होण्याआधीचा सुट्टीचा दिवस त्यासाठी बरा.