बीअरचे जव घरात कसे ठेवावे

सैन्यातून सुटून आलेली काही मुले घरच्या घरी बीअर करण्याचा नाद धरतात. पातेली, नळ्या, बाटल्या यांचे ती स्वतः पाहतात, पण त्यासाठी आणलेले धान्य शेवटी घरातल्या म्हाताऱ्यांच्या फडताळात येऊन पडते. आमच्या अश्दोदच्या घरी तसेच झाले. नातवाने जवाच्या पाच-सहा पुड्या अर्ध्या वापरून, कपड्यांचे चिमटे लावून, आमच्या पोह्यांच्या शेजारी ठेवल्या. उन्हाळा सरेपर्यंत त्यांत सोंडे झाले, बारीक तांबडे किडे झाले, आणि ते तांबडे किडे मलिद्यासाठी राखलेल्या पोह्यांतही गेले. सगळे पोहे टाकावे लागले. त्यावरून घरात जी बोलाचाली झाली ती येथे लिहीत नाही. पण त्यानंतर आम्ही या धान्याची नीट माहिती करून घेतली, ती लिहितो.

या धान्याला माल्ट म्हणतात, इथल्या भाषेत लेतेत. नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. बिरड्यासाठी आपण वाल भिजवतो, उपसतो, फडक्यात बांधून मोड आणतो. माल्टसाठी जवाला तेच करतात. फरक इतकाच की मोड आल्यावर दाणे शिजवत नाहीत, गरम हवेवर वाळवतात, शेवटी साधारण ऐंशी अंशांपर्यंत नेतात, आणि वाळलेले कोंब झाडून टाकतात. मोड येताना दाण्यात पाचक द्रव्ये तयार होतात आणि पुढे गरम पाण्यात तीच पिठाची साखर करतात. ती साखर आंबली की बीअर.

आता ध्यानात घ्यायची गोष्ट ही. शेतातून आलेल्या साध्या जवात शंभरात बारा-तेरा भाग पाणी असते, माल्टमध्ये जेमतेम चार-पाच. इतका कोरडा दाणा हवेतले पाणी ओढून घेतो, जसा तळलेला पापड पावसाळ्यात घेतो. आपल्याकडे त्याला सादळणे हा नेमका शब्द आहे. सादळलेले माल्ट लगेच सडत नाही, पण त्याचा वास उतरतो, ते भरडताना कुटण्याऐवजी चेपते, आणि ओलसर दाण्यात कीड लवकर वाढते. याची परीक्षा आम्ही दातांनी करतो. दोन दाणे चावावे; कडकन फुटून गोडसर लागले तर ठीक, चामट लागले तर सादळले.

सर्व माल्ट एकसारखे नसते. मुख्य माल्ट फिकट रंगाचे. वीस लिटर बीअरला ते चार-साडेचार किलो लागते, म्हणून ते एका खेपेत संपते आणि त्याची चिंता नाही. चिंता असते ती खास माल्टची. एक प्रकार असा, की ओले मोडाचे दाणे तसेच गरम करतात, आत सालीतच साखर होते, मग भाजतात. दाणा आतून काचेसारखा तांबूस होतो. हा एका खेपेला तीनशे ग्रॅम. दुसरा अगदी काळा, कॉफीसारखा भाजलेला. डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने 1817 साली इंग्लंडात फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. हा शंभर-दीडशे ग्रॅमच लागतो. दुकानातून मात्र निदान किलोभर आणला जातो, कारण पोरांना हिशेब करायचा कंटाळा. म्हणजे काळ्या माल्टचा एक किलो सहा-सात खेपांना पुरतो, आणि आमचा नातू वर्षाकाठी चार खेपा करतो. दीड वर्ष ते धान्य कोणाच्या तरी घरात राहणारच.

अखंड दाणा थंड, कोरड्या जागी वर्षभर चांगला राहतो. भरडलेला मात्र काही आठवड्यांतच वापरावा. साल फुटली की वास उडतो आणि ओल आत शिरते. म्हणून दुकानदार भरडून देतो म्हणाला तरी खास माल्ट अखंडच आणावे आणि लागेल तेवढे घरी भरडावे. ओटचे पोहे बीअरला दाटपणा येण्यासाठी घालतात. त्यांत तेलाचा अंश अधिक, ते लवकर खवट होतात. ते साठवूच नयेत.

हवेचा फरक फार पडतो. आमची धाकटी बहीण दिमोनाला राहते. तिच्याकडे बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तरी दुसऱ्या दिवशी कुरकुरीत असतो. आम्ही समुद्रावर. ऑगस्टमध्ये आमच्याकडे मीठदेखील पाझरते. तेव्हा नेगेवमध्ये राहणाऱ्यांनी उष्णतेची काळजी घ्यावी, किनाऱ्यावरच्यांनी उष्णता आणि ओल दोन्हींची. मर्पेसेत ही दोघांसाठीही वाईट जागा. ममाद अंधारी आणि बंद असते म्हणून आमच्या नातवाने पोते तिथे नेले होते. ते आम्ही त्याच दिवशी बाहेर काढले. सायरन झाल्यावर ज्या खोलीत सहा माणसांनी धावत शिरायचे, तिथे पोत्यात पाय अडकायला नको. शेवटी जागा ठरली ती आतल्या खोलीतले खालचे कपाट, भट्टी आणि कपडे धुण्याचे यंत्र या दोहोंपासून दूर.

किडीविषयी एक गैरसमज घालवला पाहिजे. कीड बाहेरून चालत येते असे आपण समजतो. कधी येते, पण सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारे धान्य कीड घेऊनच घरात येऊ शकते. उपाय सोपा आहे. नवीन आणलेले खास माल्ट घट्ट पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांवर ठेवावे. अंडी, अळ्या, किडे सर्व मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. रात्रभर तशीच ठेवून घरच्या उष्णतेवर येऊ द्यावी, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतले पाणी जमते आणि केलेले काम फुकट जाते.

पोह्यांचे नुकसान झाले तेव्हा आम्हांला हे ठाऊक नव्हते. आम्ही गावचे उपाय काढले. तूरडाळीला आणि गव्हाला आई एरंडेल चोळून ठेवत असे, वर्षभर कीड लागत नसे. आम्हीही नातू नसताना त्याच्या तीन किलो माल्टला प्रेमाने एरंडेल चोळले. त्याने त्या माल्टची बीअर केली, स्वातंत्र्यदिनाच्या मांगलला मित्रांना बोलावले, आणि पेल्यात ओतली तर फेस येऊन क्षणात मेला. "सबा, फेस कुठे गेला?" असे त्याने चार वेळा विचारले. आम्ही दोन दिवसांनी कबूल केले. तेल हे बीअरच्या फेसाचे वैरी आहे. पेला तेलकट असला तरी फेस टिकत नाही, मग दाणेच तेलकट असल्यावर काय टिकणार? कडुनिंबाचा पालाही नको, त्याचा कडूपणा उतरतो. आणि तांदळाला लावतात ती बोरिक पावडर तर मुळीच नको. तांदूळ आपण तीन पाण्यांनी धुतो. माल्ट कोणी धूत नाही, ते तसेच भरडून पाण्यात जाते.

आपल्याकडचा एक जुना उपाय मात्र इथे लागू पडतो, तो म्हणजे पेव. देशावर जमिनीत खोल पेव खणून ज्वारी भरत आणि तोंड लिंपून टाकत. आतले धान्य आणि किडे श्वास घेऊन हवेतला प्राणवायू संपवत, मग किडे मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, माणूसही गुदमरून मरे. रामले-लोदच्या बाजूला जाताना बेत दागानला वोल्कानी संशोधन संस्था लागते. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर, हवाबंद प्लास्टिकच्या आवरणात धान्य साठवण्यावर पुष्कळ काम केले आहे.

घरात पेव खणता येत नाही, पण सोड्याची दीड लिटरची बाटली चालते. बाटली धुऊन चार दिवस उघडी वाळवावी. एक थेंब राहिला तरी सगळे सादळते. मग दाणे ठोकून ठोकून गळ्यापर्यंत भरावे, म्हणजे आत हवा कमी राहते, आणि बूच घट्ट लावावे. एका बाटलीत पाऊण किलोहून थोडे जास्त बसते. काचेची बरणी असेल तर झाकणाला रबर हवे. अर्धी भरलेली मोठी बरणी वाईट, छोट्या भरलेल्या चार बऱ्या. प्रत्येकीवर नाव आणि आणल्याची तारीख लिहावी, आणि घरात जी भाषा सर्वांना वाचता येते तीत लिहावी. नातवाने हिब्रूत घाईने खरडलेले आमच्या सौ.ना लागले नाही, आणि काळे माल्ट कॉफी म्हणून दळले गेले. पाहुण्यांनी प्यायलीही.

भरडण्याचे काम बाहेर करावे. सालीवर आंबट करणारे जंतू असतातच, आणि त्यांची धूळ आंबत ठेवलेल्या बीअरच्या खोलीत उडाली तर बीअर आंबोळीच्या पिठासारखी होते.

राहिला पेसाहचा प्रश्न. जव पाच धान्यांतले, शिवाय भिजवलेले, तेव्हा माल्ट हामेत्स आहे यात शंका नाही, आणि तयार बीअरही. पूर्वी कोकणात आपल्या लोकांत या सणाला अनशी ढाकाचा सण म्हणत, कारण आंबट रसाचे अनशीचे भांडे त्या दिवसांपुरते झाकून ठेवीत. बाटल्यांवर बूच लावून भागत नाही. मालकी आपली राहता कामा नये. ज्यांच्याकडे माल उरेल त्यांनी तो वेगळ्या कपाटात बंद करून रब्बींच्या विक्रीच्या कागदात लिहावा, "धान्य व पेये" असे मोघम नव्हे, तर कपाट कोणते तेही सांगावे. त्यापेक्षा बरे म्हणजे तू बिश्वातनंतर नवे आणूच नये, पुरीमपर्यंत शेवटची खेप घालावी आणि असेल ते संपवावे.

आमच्या घरी या वर्षी तसेच ठरले आहे. शावुओतनंतर नातीची मेंदी आहे, आणि त्या रात्रीची बीअर नातवाने करायची आहे. पेसाह संपल्यावर ताजे माल्ट आणून पहिल्याच आठवड्यात भांडे चढवले, तर पाच आठवड्यांत बीअर बाटल्यांतून तयार होते. एरंडेलाची बाटली सौ.नी आमच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवली आहे.