दिल्लीचं अभिलेखागार मोबाईलवर, पण आपल्या गावाचं नाव त्यात शोधायचं कसं?

अभिलेखागार म्हटलं की धूळ खात पडलेली दप्तरंच डोळ्यासमोर येतात. पण दिल्लीतल्या भारतीय राष्ट्रीय अभिलेखागारातील बरेच जुने सरकारी कागद आता मोबाईलवर वाचता येतात. १८९१ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या या संस्थेचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल २०१५ पासून चालू आहे. तरी गावाकडच्या पोरांमध्ये त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही.

खरी अडचण शोधण्यात आहे. बहुतांश फायलींची नावं इंग्रजीत, तीही इंग्रजांच्या काळच्या स्पेलिंगमध्ये. आजचं सोलापूर तिथे 'शोलापूर', पुणे म्हणजे 'पूना', ठाणे म्हणजे 'ठाना', तर रायगडसाठी 'कुलाबा' टाकावं लागतं. आजचं नाव टाकलं, काही आलं नाही, की पोरगं पोर्टल बंद करून रील्सकडे वळतं. त्याचा दोष नाही! गावाचं नाव लागलं नाही तर जुन्या जिल्ह्याचं टाका आणि सोबत दुष्काळ, प्लेग, सत्याग्रह असा शब्द इंग्रजीत जोडा.

सापडतं काय? इंग्रजांच्या काळात प्रांतांमधून दर पंधरा दिवसांनी दिल्लीला राजकीय परिस्थितीचा अहवाल जायचा. कुठे सभा झाली, कुणाला पकडलं, कोणत्या वर्तमानपत्रावर कारवाई झाली. हे सगळं गृह खात्याच्या फायलींत आहे. १९३० किंवा १९४२ च्या चळवळीत आपल्या भागात काय घडलं ते सरकारच्या नजरेतून वाचायला मिळतं. अर्थात ती पोलिसांची बाजू. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण वेगळं सांगू शकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तुमचा सातबारा दिल्लीत नाही. जुने फेरफार, सातबारे यांसाठी तहसीलचा अभिलेख कक्ष किंवा राज्याचं 'आपले अभिलेख' पोर्टल बघायचं.

जुन्या कागदाची किंमत काय असते, हे २०२३ मध्ये गावोगाव कळलं. कुणबी नोंदी शोधताना शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. बऱ्याच नोंदी मोडीत निघाल्या आणि मोडी वाचणारा माणूस सापडेना. जात पडताळणीत ॲडमिशन अडकलेल्या मुलाला इतिहासाच्या तासाला कळलं नसतं ते तेव्हा कळलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यातून वाट काढली आहे. जुन्या हस्ताक्षरातले कागद ऑनलाइन ठेवून ते टाइप करायचं काम सामान्य लोकांवर सोपवलं. घरबसल्या कुणीही पान उघडतो आणि वाचून उतरवतो. मोडीचंही असं करता येईल. कोट्यवधी मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. वर्धापनदिनाच्या पोस्टरपेक्षा कॉलेजच्या पोरांना पन्नास पानं मोडीची दिली, तर ती जास्त रमतील.

तोवर सुरुवात स्वतःच्या जिल्ह्यापासून करा. काही सापडलं तर स्क्रीनशॉटसोबत खाते, वर्ष आणि फाइल नंबरही लिहून ठेवा. त्याशिवाय तोच कागद पुन्हा मिळणं अवघड जातं.