जस्ताची कढई



आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे घरावर ‘टिना’ टाकतात. त्या टिनांत टिन, म्हणजे कथील, नसते. पोलादी पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. कथील असे ते कल्हईत. कल्हईवाला भांडे तापवी, नवसागर टाकी आणि २३२ अंशांना वितळणारे कथील कापसाने फिरवी. तांब्याचा किंचित अंश कथलात विरघळे, दोहोंचा पातळ थर बने, म्हणून कल्हई धरे. धरणे आणि खाणे ही एकाच क्रियेची दोन रूपे आहेत.

कल्हई दोन मिनिटांत आटोपते. पण नळ, खांब, विजेच्या मनोऱ्यांचे अँगल जिथे जस्तात बुडवतात, तिथली भलीमोठी कढई वर्षानुवर्षे रसाने भरलेली असते, आणि तीही पोलादाचीच! मग ती टिकते कशी?

सुमारे ४५० अंशांवर लोखंड-जस्ताचा घट्ट थर भिंतीला चिकटतो आणि पुढची झीज मंदावते. ४९० अंशांच्या आसपास मात्र तो थर सुटू लागतो आणि जस्त भिंत भराभर खाते. भट्टीची आच बाहेरून लागते; त्यामुळे रस बेताचा तापलेला असला तरी भिंत अधिक तापलेली असू शकते. कामाची घाई म्हणून आच वाढवली, की कढईचे आयुष्य घटते. ती फुटली तर टनावारी रस कामगारांच्या पायांशी येतो. म्हणून भिंतीची जाडी वेळोवेळी मोजावीच लागते.

दुसरा धोका झिजेचा नाही, तडकण्याचा आहे. एरवी ओढले की लांबणारे पोलाद ताणाखाली असताना वितळलेल्या धातूला भिडले, तर काही वेळा न लांबताच तडकते. रस कणांच्या सांध्यांत शिरतो. जस्ताच्या नळाला वेल्डिंग करण्याआधी तेवढ्या भागावरचे जस्त घासून काढतात, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण वेल्डरच्या छातीचे: जस्ताच्या धुराने ताप भरतो.

हाच प्रश्न अणुभट्टीतही आहे. कल्पक्कमच्या, १९८५ साली सुरू झालेल्या प्रायोगिक भट्टीत पोलादी नळांतून वितळलेले सोडियम वाहते. तिथे पोलाद टिकावे म्हणून सोडियममधला प्राणवायू अगदी कमी ठेवतात. वितळलेल्या शिशात मात्र थोडा प्राणवायू हवाच; त्याने पोलादावर रक्षक थर बनतो. एकाला जे मारक, तेच दुसऱ्याला तारक.

तेव्हा पोलाद पक्के आहे एवढे म्हणून भागत नाही. ते कोणत्या रसात, किती आचेवर आणि किती ताणाखाली आहे, हे आधी विचारावे.